फोर्ब्स फील्डची हद्द

अलेगेनी आणि मोनाँगहेला या दोन नद्या जेथे एकमेकींना मिळून ओहायो नदीला जन्म देतात, त्या त्रिकोणी भूमीवर वसलेले पिट्सबर्ग हे नगर पोलादाचे नगर म्हणून जगाला ठाऊक आहे. आणि मुंबईहून गेलेल्या प्रवाशाला तर त्याच्याशी असलेले एक जुने नातेही आठवावे, कारण जमशेटजी टाटा १९०२ साली पोलादाच्या कारखान्याची सिद्धता करण्यासाठी अमेरिकेस गेले तेव्हा त्यांनी ज्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला, त्यांतले ज्युलियन केनेडी हे याच शहरचे होत, आणि पुढे साकची येथे जी वसाहत उभी राहून जमशेदपूर या नावाने प्रसिद्धीस आली तिचा पहिला आराखडाही केनेडी यांच्याच पेढीने तयार केला. हा ऋणानुबंध मनात असूनही माझ्या प्रवासाचा हेतू कारखाने पाहण्याचा नव्हता. शहराच्या पूर्वेस ओकलंड नावाचा जो विद्यापीठाचा भाग आहे, तेथे १९०९ पासून १९७० पर्यंत बेसबॉलचे एक थोर क्रीडांगण नांदत होते. ते पाडून टाकल्याला अर्धशतक लोटले. आणि त्या नाहीशा झालेल्या क्रीडांगणाची, फोर्ब्स फील्डची, जागा एकदा पायाखाली घालावी, या इच्छेने मी तेथे गेलो होतो.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला येथे प्रथम एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. बेसबॉलच्या नियमांनी मैदानाचा अंतर्भाग फुटाइंचांत बांधून टाकलेला आहे: एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट, आणि चेंडू फेकणारा पिचर जेथे उभा राहतो तेथपासून फलंदाजापुढील होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, यांत कोणालाही सूट नाही. परंतु या चौकोनापलीकडे जे विस्तीर्ण क्षेत्र पसरलेले असते, त्याची हद्द विसाव्या शतकाच्या आरंभी बव्हंशी प्रत्येक नगराने आपल्या वाट्याला आलेल्या जमिनीप्रमाणेच ठरवली. कोठे सार्वजनिक रस्ता आडवा आला, कोठे शेजारच्या मालकाने आपला तुकडा विकण्यास नकार दिला, कोठे ओढ्याची घळ लागली. आणि त्या त्या अडथळ्यापाशी भिंत उभी राहिली. परिणामी एका शहरात जो फटका भिंतीपार जाऊन होमरन ठरे, तोच दुसऱ्या शहरात क्षेत्ररक्षकाच्या हाती सहज लागे. तेव्हा अशा क्रीडांगणाचा इतिहास त्याच्या भिंतींच्या अंतरांपासूनच सांगावा लागतो, असे माझे मत आहे, आणि फोर्ब्स फील्डच्या बाबतीत तर ते निःसंशय खरे आहे.

पिट्सबर्ग पायरेट्स या संघाचे मालक बार्नी ड्रायफस हे जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे जन्मलेले ज्यू गृहस्थ. तरुणपणी अमेरिकेत येऊन केंटकीतील एका मद्याच्या कारखान्यात हिशेबाच्या वह्या लिहिता लिहिता ते या खेळाच्या व्यवसायात शिरले, आणि १९०३ साली दोन प्रतिस्पर्धी लीगांच्या विजेत्यांनी परस्परांशी सामने खेळावेत, असा जो करार झाला व ज्यातून ‘वर्ल्ड सिरीज’चा जन्म झाला, त्या करारामागे मुख्य हात त्यांचाच होता. त्यांचा संघ तेव्हा अलेगेनी नदीच्या उत्तर तीरावरील एक्स्पोझिशन पार्क या मैदानात खेळत असे. ते मैदान नदीच्या इतके निकट होते की पुराचे पाणी वेळोवेळी आत शिरे. १९०२ च्या ४ जुलैला, राष्ट्रीय उत्सवाच्या दिवशी, मैदानाच्या दूरच्या भागात पाणी साचलेले असतानाही खेळाडूंनी त्या पाण्यात उभे राहून सामने पार पाडले. शिवाय आसपास कारखान्यांचा धूर आणि रेल्वेचे रूळ. सभ्य स्त्रीपुरुषांनी सहकुटुंब यावे अशी जागा आपल्या खेळाला मिळाली पाहिजे, हा ध्यास ड्रायफस यांनी घेतला, आणि अँड्र्यू कार्नेगी यांच्या साह्याने ओकलंडमधील शेन्ली घराण्याच्या जमिनीपैकी सात एकरांचा एक तुकडा त्यांनी खरेदी केला.

जागा शहराच्या व्यापारी पेठेपासून दूर, भोवती गवत आणि झाडी, आणि एका बाजूस खोल घळ. इतक्या लांब लोक येणार कसे, असा प्रश्न करून अनेकांनी या उद्योगाला ‘ड्रायफस यांचा वेडेपणा’ असे नाव दिले. परंतु १९०९ च्या १ मार्चला जमीन खोदण्यास आरंभ झाला, घळीत भराव पडला, पोलाद आणि काँक्रीट यांनी बांधलेला तीन मजल्यांचा प्रेक्षकमंडप चार महिन्यांत उभा राहिला, आणि ३० जूनला शिकागो कब्ज या संघाविरुद्ध पहिला सामना झाला तेव्हा ३०,३३८ प्रेक्षकांची नोंद झाली. यजमान संघ तो सामना २ विरुद्ध ३ असा हरला; त्याच वर्षी शरदात मात्र होनस वॅग्नर यांच्या संघाने टाय कॉब यांच्या डेट्रॉइटला सात सामन्यांच्या झुंजीत नमवून वर्ल्ड सिरीज जिंकली. क्रीडांगणाला नाव दिले गेले ते जनरल जॉन फोर्ब्स यांचे, ज्यांनी १७५८ साली फ्रेंचांच्या ताब्यातील दुकेन किल्ल्याचे ठाणे मिळवून त्या स्थळाला विल्यम पिट यांच्या सन्मानार्थ पिट्सबर्ग हे नाव दिले. ड्रायफस यांचा करडेपणा असा की मैदानाच्या भिंतींवर जाहिराती रंगवण्यास त्यांनी कधीही परवानगी दिली नाही. त्या काळी इतर शहरांतल्या भिंती साबण, तंबाखू आणि मद्य यांच्या नावांनी भरून गेलेल्या असताना हा मालक उत्पन्नावर पाणी सोडून भिंत कोरी ठेवतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि भिंती तरी केवढ्या दूर! डावीकडची भिंत होम प्लेटपासून ३६० फुटांवर, आणि मध्यभागीची ४६२ फुटांवर. क्रिकेटची सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ९० यार्डांवर, म्हणजे २७० फुटांवर, असू शकते हे ध्यानात घेतले की या अंतरांची कल्पना येते. पुढे डावीकडची भिंत ३६५ फुटांवर गेली आणि मध्य-डाव्या बाजूचे सर्वांत दूरचे टोक ४५७ फूट ठरले. ते टोक इतके निरुपयोगी भासे की सरावाच्या वेळी फलंदाजाभोवती लावण्याचा जाळीचा मोठा पिंजरा सामना चालू असतानाही तेथेच, मैदानातच, ठेवून दिलेला असे. एवढ्या विस्ताराने खेळाचे रूपच घडवले. चेंडू भिंतीपार जाण्याची आशा नसल्यामुळे फलंदाज तो क्षेत्ररक्षकांच्या मधून दूर धाडी आणि जिवाच्या आकांताने धावे; एकाच फटक्यावर तिसऱ्या बेसपर्यंत पोचण्याचा जो पराक्रम, ज्याला तेथे ‘ट्रिपल’ म्हणतात, तो या मैदानाचा खास अलंकार झाला. पायरेट्सच्या ओवेन विल्सन यांनी १९१२ च्या एका हंगामात ३६ ट्रिपल मारले. तो विक्रम अद्याप कोणाला मोडता आलेला नाही, आणि आजच्या आखूड मैदानांवर तो मोडला जाईल असेही मला वाटत नाही. याच विस्ताराचा दुसरा परिणाम तितकाच लक्षणीय. प्रतिपक्षाला संपूर्ण सामन्यात एकही यशस्वी फटका मारू न देण्याचा पिचरचा पराक्रम या मैदानावर बड्या लीगच्या एकाही सामन्यात घडला नाही, जरी तेथे एकसष्ट वर्षांत चार हजारांहून अधिक सामने झाले. आणि मला त्याचे कारण उघड दिसते, की जेथे क्षेत्ररक्षकांमध्ये एवढे मोकळे रान पडलेले असे, तेथे एखादा चेंडू कोठे ना कोठे जमिनीवर पडणारच.

या हद्दीशी एकदा खेळ करण्यात आला. १९४७ साली हँक ग्रीनबर्ग हे नामांकित फलंदाज संघात आले तेव्हा त्यांना होमरन मिळावेत म्हणून डाव्या बाजूस भिंतीच्या अलीकडे तीस फुटांवर एक आतले कुंपण घालण्यात आले, आणि तरुण राल्फ काइनर यांना त्याचा पुढे वर्षानुवर्षे लाभ झाला. काइनर यांनी सलग सात हंगाम होमरनांत अग्रस्थान राखले, यात त्यांचे कर्तृत्व मोठेच. तरीही बाजारासाठी हद्द आत ओढणे हे त्या मैदानाच्या प्रकृतीला शोभणारे नव्हते, आणि काइनर १९५३ मध्ये दुसऱ्या संघात गेल्यानंतर ते कुंपण काढून टाकण्यात आले, हे योग्यच झाले. त्यानंतर दोन वर्षांनी पोर्तो रिकोहून आलेला एक तरुण या मैदानाच्या उजव्या बाजूस उभा राहू लागला. रोबेर्तो क्लेमेंते यांची ती दूरच्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवर थेट येणारी फेक ज्यांनी पाहिली, ते लोक आजही ती हात उंचावून दाखवतात. आणि अशी फेक पाहावयास मिळते ती विस्तीर्ण मैदानातच.

ज्या घटनांसाठी इतिहासग्रंथांत या जागेचे नाव येते त्या थोडक्यात सांगतो. १९२१ च्या ५ ऑगस्टला केडीकेए या नभोवाणी केंद्राचे हॅरल्ड आर्लिन यांनी पायरेट्स आणि फिलाडेल्फिया यांच्यातील सामन्याचे वर्णन येथूनच प्रक्षेपित केले, आणि बड्या लीगचा सामना नभोवाणीवरून ऐकू येण्याची ती पहिलीच वेळ होती. १९३५ च्या २५ मे रोजी, उतारवयात बोस्टनच्या संघाकडून खेळणाऱ्या बेब रूथ यांनी एकाच सामन्यात तीन होमरन मारले, ज्यांतला शेवटचा, त्यांच्या आयुष्यातला ७१४ वा आणि अखेरचा, उजवीकडील दुमजली प्रेक्षकमंडपाच्या छपरावरून पलीकडे गेला. त्यापूर्वी तसे कोणाला साधले नव्हते. काही दिवसांतच त्यांनी खेळणे थांबवले.

मी ओकलंडमध्ये पोचलो ते १३ ऑक्टोबरला, आणि तो दिवस मी जाणूनबुजून निवडला होता. फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यूवर बसमधून उतरले की एका अंगास विद्यापीठाचा ‘कथीड्रल ऑफ लर्निंग’ हा ४२ मजल्यांचा गॉथिक मनोरा दिसतो. त्यात निरनिराळ्या राष्ट्रांच्या परंपरेप्रमाणे सजवलेली अभ्यासदालने असून भारताच्या दालनाला नालंदा महाविहाराच्या अंगणाचे रूप दिलेले आहे. मनोऱ्यासमोरचे मोकळे उद्यान ओलांडून, कार्नेगी ग्रंथालय डावीकडे ठेवून पुढे गेले की पॉझ्वार हॉल ही काँक्रीटची प्रचंड इमारत लागते. फोर्ब्स फील्डचा अंतर्भाग, तो नियमांनी बांधलेला चौकोन, या इमारतीखाली गेला. आत शिरल्यावर तळमजल्याच्या वाटेतच फरशीत एक काच बसवलेली दिसते, आणि तिच्याखाली पांढऱ्या रबराची पंचकोनी होम प्लेट ठेवलेली आहे. विद्यार्थी पुस्तके सांभाळत तिच्यावरून ये-जा करीत होते. मी तेथे बराच वेळ थांबलो, आणि डावीकडच्या भिंतीची दिशा मनाशी धरून बाहेर पडलो.

बाहेर पदपथाच्या फरसबंदीत विटांची एक ओळ बसवलेली आहे. डावीकडची भिंत जेथून जात होती तेथूनच ती जाते, आणि तिच्यात एके ठिकाणी एक पाटी जडवलेली आहे. १९६० च्या १३ ऑक्टोबरला, दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी, बिल मॅझेरॉस्की यांनी मारलेला चेंडू या ठिकाणी भिंतीवरून गेला. त्या मालिकेत न्यूयॉर्क यांकीज हा बलाढ्य संघ सात सामन्यांत मिळून ५५ धावा करून बसला होता आणि पिट्सबर्गच्या धावा झाल्या होत्या अवघ्या २७. तरीही पिट्सबर्गने तीन सामने निसटत्या फरकाने जिंकून सातव्या सामन्यापर्यंत मजल मारली होती. त्या सामन्यात आठव्या डावात पायरेट्स ४ विरुद्ध ७ असे मागे असताना जमिनीवरून जाणारा एक साधा चेंडू त्या कठीण मातीवर विचित्र उसळला आणि यांकीजच्या टोनी क्यूबेक यांच्या गळ्यावर आदळला. त्या एका उसळीने डाव पालटला, पिट्सबर्गने पाच धावा केल्या, नवव्या डावात यांकीजनी पुन्हा बरोबरी साधली, आणि ९ विरुद्ध ९ असताना मॅझेरॉस्की यांनी राल्फ टेरी यांच्या दुसऱ्याच चेंडूवर घाव घातला. डाव्या बाजूस उभे असलेले योगी बेरा भिंतीकडे धावले, मागे वळले, आणि चेंडू पलीकडे गेला. मॅझेरॉस्की ओळखले जात ते फटक्यांसाठी नव्हे, दुसऱ्या बेसवरील अतुलनीय क्षेत्ररक्षणासाठी. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याचा शेवट होमरनने झाला तो तेव्हा, आणि पुन्हा कधीही नाही. ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार जॉर्ज सिल्क यांनी त्या दिवशी मनोऱ्याच्या उंच कठड्यावरून मैदानाकडे पाहत जल्लोष करणाऱ्या विद्यार्थ्यांचे जे छायाचित्र घेतले, ते पाहिले म्हणजे संपूर्ण क्रीडांगण त्यांच्या पायाखाली कसे दिसत होते हे कळते.

विटांच्या ओळीपासून काही पावलांवर खरी भिंत लागते. १९४६ साली लाकडी कुंपणाच्या जागी बांधलेली, बारा फूट उंचीची, वेलींनी आच्छादलेली ही विटांची भिंत मैदानाच्या मध्य आणि मध्य-डाव्या बाजूची असून तिच्यावर ४५७ आणि ४३६ हे आकडे पांढऱ्या रंगात लिहिलेले आहेत, आणि ध्वजस्तंभही तिच्यापाशी उभा आहे. मॅझेरॉस्की यांचा चेंडू हिच्यावरून गेला असे पुष्कळ लोक समजतात, तसे नव्हे. ही भिंत वाचली कारण ती सर्वांत दूर होती. इमारतीसाठी हवी असलेली जागा तिच्या अलीकडेच संपली. म्हणजे ज्या कोपऱ्यापर्यंत क्वचितच कोणाचा फटका पोचे, जेथे पिंजरा ठेवण्यापलीकडे काही उपयोग नसे, तोच कोपरा आज त्या मैदानाची साक्ष देतो आहे, आणि माझ्या दृष्टीने यापेक्षा उचित साक्षीदार मिळाला नसता. प्रेक्षकमंडपाचा तुकडा राहिला असता तर तो इतर शहरांतल्या मंडपांसारखाच दिसला असता. हे अंतर मात्र फोर्ब्स फील्डचेच होते.

या भिंतीपाशी १३ ऑक्टोबरला दरवर्षी माणसे जमतात. १९८५ साली एका रसिकाने एकट्यानेच येथे बसून त्या सातव्या सामन्याच्या नभोवाणी-वर्णनाची ध्वनिफीत ऐकली, आणि त्यातून ही प्रथा पडली. दुपारी एक वाजता ध्वनिफीत लावतात, म्हणजे अखेरचा फटका बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी ऐकू येतो. मी गेलो तेव्हा घडीच्या खुर्च्या मांडून वृद्ध जोडपी बसली होती, काहींच्या मांडीवर नातवंडे होती, एका गृहस्थांनी जुन्या तिकिटाचा तुकडा पाकिटात घालून आणला होता. सामन्याचा निकाल प्रत्येकाला मुखोद्गत. तरी आठव्या डावात ती चेंडूची उसळी आली तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी पतीचा हात घट्ट धरला. समालोचक चक थॉम्पसन यांनी त्या उत्तेजनेच्या क्षणी पिचरचे नाव चुकीचे सांगितले आणि धावसंख्याही प्रथम भलतीच सांगितली. त्या चुका ध्वनिफितीत जशाच्या तशा आहेत, आणि श्रोत्यांपैकी कितीतरी जण त्या थॉम्पसन यांच्या स्वरातच ओठांनी पुटपुटत होते. मग सर्व उभे राहिले आणि टाळ्यांचा गजर झाला. मीही उभा राहिलो. साठाहून अधिक वर्षांपूर्वीच्या विजयासाठी इतका मनःपूर्वक आनंद करणारा समुदाय मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मैदान गेले कसे, याची हकिकत छोटी आहे. १९५८ साली मालकांनी ही मालमत्ता वीस लक्ष डॉलरांस विद्यापीठाला विकली, आणि नवे क्रीडांगण तयार होईपर्यंत संघ तेथे भाडेकरू म्हणून राहिला. १९७० च्या २८ जूनला शिकागो कब्जविरुद्धच दोन सामने झाले, दोन्ही पायरेट्सनी जिंकले, आणि जमावाने खुर्च्या, पाट्या, हिरवळीचे तुकडे, जे हाती लागले ते आठवण म्हणून नेले. त्यानंतर त्या रिकाम्या वास्तूला दोनदा आग लागली, आणि १९७१ च्या जुलैअखेर पाडकाम सुरू झाले. नदीकाठचे नवे थ्री रिव्हर्स स्टेडियम वर्तुळाकार आणि सममित होते, आणि त्याची हद्द अन्य नव्या वर्तुळाकार क्रीडांगणांच्या हद्दीहून निराळी ओळखू येत नसे. तीस वर्षांनी, २००१ साली, सुरुंग लावून तेही जमीनदोस्त केले गेले.

परंतु माझा प्रवास त्या भिंतीपाशी पुरा होऊ शकला नाही, कारण फोर्ब्स फील्डवर आणखी एक संघ खेळत असे. मोनाँगहेला नदीकाठच्या होमस्टेड या पोलादाच्या गावात कृष्णवर्णीय कामगारांनी सुरू केलेला होमस्टेड ग्रेज हा संघ, ज्याचे चालक कम पोझी यांनी त्याला देशात नावारूपास आणले, फोर्ब्स फील्ड भाड्याने घेत असे. १९३० च्या जुलैत त्याने कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाविरुद्ध येथे फिरत्या दिव्यांच्या उजेडात रात्री सामना खेळला. मैदानाच्या मालकांनी आपल्या संघासाठी दिवे लावले ते १९४० साली, म्हणजे दहा वर्षांनंतर. त्याच १९३० मध्ये जॉश गिब्सन हा अठरा वर्षांचा तरुण ग्रेजमध्ये आला, आणि ज्या मैदानाच्या अंतरांनी भल्याभल्यांना हतबल केले तेथे त्याने मारलेल्या फटक्यांच्या कथा अजून सांगितल्या जातात. वर्णभेदाच्या अलिखित हुकमाने त्याला बड्या लीगची दारे बंद होती. १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने ब्रुकलिनकडून बड्या लीगच्या मैदानात पाऊल टाकले.

भाडे घेणाऱ्यांनी या खेळाडूंना कपडे बदलण्याच्या खोल्याही मोकळ्या केल्या नव्हत्या. या अपमानाला उत्तर म्हणून गस ग्रीनली यांनी १९३२ साली ओकलंड आणि शहराचा मध्यभाग यांच्यामधील हिल डिस्ट्रिक्टमध्ये, बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, आपल्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघासाठी स्वतःचे विटांचे क्रीडांगण, ग्रीनली फील्ड, बांधले. सॅचेल पेज, कूल पापा बेल आणि ग्रेजमधून आलेले गिब्सन हे तिघेही तेथे खेळले. १९३८ मध्ये ते पाडले गेले आणि तेथे बेडफर्ड ड्वेलिंग्ज ही सरकारी घरांची वसाहत उभी राहिली. मी टेकडी चढून तेथे गेलो. राज्याच्या इतिहास-मंडळाने लावलेला निळा-पिवळा फलक आहे, त्यावर मजकूर नेमका आहे. परंतु मैदान कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे सांगणारी एकही खूण जमिनीवर नाही. २०२३ साली संघराज्य सरकारने या वसाहतीच्या पुनर्रचनेसाठी पाच कोटी डॉलरांचे अनुदान मंजूर केले आहे, तेव्हा येथे जमीन पुन्हा खोदली जाणार, नवे रस्ते आणि नवे पदपथ होणार. माझी कळकळीची इच्छा अशी आहे की फोर्ब्स फील्डच्या डाव्या भिंतीसाठी ओकलंडच्या पदपथात जशी विटांची ओळ घातली, तशीच एक ओळ या नव्या पदपथांत ग्रीनली फील्डच्या भिंतीसाठीही घातली जावी, आणि तिच्यावर अंतराचा आकडा लिहिला जावा.